कुंडींतील बदाम : विलायती कीं देशी?

मुंबईंत नोकरीधंद्यानिमित्त राहणाऱ्या आमच्या सभासदांच्या मुलांबाळांकडून एक पृच्छा वारंवार येते. चाळीच्या गॅलरींत अथवा इमारतीच्या गच्चीवर कुंडींत बदामाचें झाड लावतां येईल काय, आणि त्यास बदाम लागतील काय? गांवाकडील बागायतदार हाच प्रश्न निराळ्या रीतीनें विचारतात. जत्रेंत, आठवड्याच्या बाजारीं किंवा फिरत्या गाडीवर ‘बदामाचें कलम’ म्हणून रोप विकावयास येतें. दोन रोपें घेऊन अंगणांत लावावीं म्हणजे उद्यां घरचेच बदाम मिळतील, असा मोह कोणासही पडतो. प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु फळझाडाची निवड चुकली असतां रोपाची किंमत तर जातेच, शिवाय ज्या जागीं चुकीचें झाड उभें राहतें तेथें पांच-सात वर्षें योग्य झाड उभें राहूं शकत नाहीं. हीं वर्षें कोणत्याही बाजारांत विकत मिळत नाहींत. म्हणून या विषयाचा सांगोपांग विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एक नांव, दोन झाडें

आपल्याकडे ‘बदाम’ या एका नांवाखालीं दोन अगदीं भिन्न झाडें येतात, आणि बहुतेक घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

पहिला तो वाण्याच्या दुकानांत मिळणारा, थंडाईंत व शिऱ्यांत पडणारा बदाम. शास्त्रज्ञ यास प्रुनस डल्सिस म्हणतात. हा गुलाबाच्या कुळांतील असून पीच, आलुबुखार, जर्दाळू व चेरी हे त्याचे सख्खे भाऊबंद होत. याचें मूळ पश्चिम व मध्य आशियांतील कोरड्या, थंड डोंगराळ मुलखांत. आज जगांतील बदामाच्या पिकापैकीं सुमारें चार पंचमांश पीक एकट्या कॅलिफोर्नियांत होतें. हिंदुस्थानांत त्याची लागवड मुख्यतः काश्मीरच्या खोऱ्यांत व थोडीशी हिमाचल प्रदेशांत आहे. या लेखांत आम्ही यास ‘विलायती बदाम’ म्हणूं.

दुसरा तो मुंबईच्या रस्त्यांवर, शाळांच्या आवारांत आणि सबंध कोंकण किनाऱ्यावर दिसणारा, छत्रीसारख्या आडव्या फांद्यांचा, रुंद पानांचा बदाम. यास देशी बदाम, जंगली बदाम किंवा बंगाली बदामही म्हणतात. शास्त्रीय नांव टर्मिनॅलिया कॅटप्पा. आमच्या वाचकांच्या ओळखीचे हिरडा, बेहडा, ऐन व अर्जुन हे याच्याच गोत्रांतले होत. म्हणजे देशी बदामाचें नातें हिरड्याशीं आहे, दुकानांतल्या बदामाशीं कांहींएक नाहीं. गराची चव व कवचाचा आकार यांतील साम्यामुळें नांव तेवढें एक पडलें.

दोहोंची ओळख पटविण्यास फळाची वाट पाहण्याचें कारण नाहीं; पान पुरेसें आहे. विलायती बदामाचें पान अरुंद, भाल्याच्या पात्यासारखें, तीन ते पांच इंच लांब असून त्याची कडा बारीक दांतेरी असते. देशी बदामाचें पान टोंकाकडे रुंद व गोलसर, देंठाकडे निमुळतें, जाड, बिनदांतेरी आणि पुष्कळदां वीतभराहून लांब असतें. तीं पानें फांदीच्या शेंड्याशीं झुबक्यानें येतात. विकणारा कांहींही सांगो, रोपाचें पान खोटें बोलत नाहीं.

शिवडीची साक्ष

परदेशी झाड आपल्या हवेंत रुजवून पाहण्याचा विचार मुंबईंत नवा नाहीं. इ. स. १८३० मध्यें मुंबईस पश्चिम हिंदुस्थानची कृषि व उद्यान मंडळी स्थापन झाली, आणि या मंडळीची बाग शिवडीस होती. उपयुक्त झाडें आणावीं, तीं येथील माती-पाण्यांत कशीं वागतात हें पाहावें, हा अशा मंडळ्यांचा उद्योग. या बागेशीं संबंध असलेले जॉन ग्रॅहॅम हे पोस्ट खात्यांतील अधिकारी होते. मुंबई व आसपासच्या प्रदेशांतील वनस्पतींची त्यांनीं तयार केलेली यादी १८३९ सालीं छापली गेली. त्याच वर्षीं ते वारले. पुढें मंडळीचें काम भायखळ्यास गेलें. तेथील बाग १८६२ सालीं लोकांस खुली झाली. तीच राणीची बाग, आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. शिवडीची जागा १८६५ च्या सुमारास म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या अमदानींत ख्रिस्ती दफनभूमीसाठीं घेण्यांत आली, आणि ती दफनभूमि आजही तेथें आहे.

या इतिहासांतून आम्हांस घ्यावयाचें तें इतकेंच. झाड आणणारानें प्रथम हवेस विचारावें, मग मातीस, आणि शेवटीं आपल्या इच्छेस. शिवडीची हवा कशी आहे? पूर्वेस खाडीचा चिखल व तिवरें, वाऱ्यांत खारटपणा, चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, बारमाही दमटपणा, आणि हिंवाळा नांवाचाच. या हवेंत देशी बदाम सुखानें वाढतो. खारा वारा त्यास सोसतो. त्याचें फळ पाण्यावर तरंगतें व समुद्राच्या लाटांनीं दूरवर जाऊन किनाऱ्यास रुजतें. तो मूळचा किनाऱ्याचाच रहिवासी आहे. विलायती बदामाची स्थिति याच्या अगदीं उलट आहे; ती कशी, हें पुढें सांगतों.

थंडीचा हिशोब

विलायती बदाम हिंवाळ्यांत पानें झाडून झोंपीं जातो. ही झोंप पुरी झाल्यावांचून त्याच्या कळ्या नीट उघडत नाहींत, आणि ती पुरी होण्यास ठराविक थंडी लागते. बागशास्त्रांत ही थंडी तासांनीं मोजतात : ७.२ अंश सेल्सिअसच्या खालीं हवा किती तास राहिली, त्यांची बेरीज. बदामाच्या बहुतेक जातींस असे तीनशें ते पांचशें तास हवे असतात. सफरचंदाच्या जुन्या जातींच्या मानानें ही मागणी थोडी आहे; पण आपल्या हवेस तीही परवडत नाहीं.

आतां मुंबईची शिल्लक पाहूं. सांताक्रूझच्या वेधशाळेंत नोंदलेलें नीचांकी तपमान २२ जानेवारी १९६२ चें असून तें ७.४ अंश होतें. म्हणजे नोंदींतल्या सर्वांत थंड रात्रींही पारा ७.२ च्या खालीं गेला नाहीं. शिवडी तर खाडीकांठीं व दाट वस्तींत असल्यामुळें सांताक्रूझहून थोडी उबदारच. चारशें तासांच्या मागणीसमोर जमेची बाजू शून्य आहे, आणि शून्यास कितीही वर्षांनीं गुणलें तरी उत्तर शून्यच येतें.

“मग निफाडास किंवा महाबळेश्वरास काय हरकत?” असें कोणी विचारील. निफाडास कांहीं हिंवाळ्यांत पारा पांच अंशांखालीं जातो, आणि महाबळेश्वरीं वेण्णा तलावाकांठीं दंव गोठल्याचें आपण वाचतों, हें खरें. परंतु ती थंडी पहांटेच्या तीन-चार तासांची असते. अशा दहा रात्री आल्या तरी बेरीज चाळीस तासांची. शिवाय दुपारीं पारा पंचवीस-तीस अंशांपर्यंत चढला कीं रात्रीची कमाई बरीचशी पुसली जाते. काश्मीरांत थंडी दिवसरात्र आठवडेच्या आठवडे टिकते. म्हणून श्रीनगरची बदामवारी मार्चच्या सुमारास फुलांनीं पांढरी होते. आपल्याकडील थंडी पाहुणी, तेथील थंडी घरची.

थंडी न मिळालेलें झाड मरत नाहीं, आणि माणूस फसतो तो येथेंच. पहिलीं एक-दोन वर्षें रोप जोमानें वाढतें. मालकास वाटतें, जमलें. पुढें पालवी अवेळीं व तुटक येते, फांदीच्या शेंड्यास चार पानें आणि मधला भाग उघडा राहतो, फुलकळ्या आल्याच तर उमलण्याआधीं गळतात. त्यांत आपला पावसाळा. विलायती बदामाच्या मुळांस पाण्यांत उभें राहणें मुळींच सोसत नाहीं; मुळें कुजतात, पानांवर बुरशीचे ठिपके व भोंकें पडतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षीं झाड हळूहळू निकालांत निघतें.

कांहीं हौशी लोक कुंडींतल्या मातीवर बर्फ ठेवून झाडास थंडी देऊं पाहतात. हा श्रम व्यर्थ आहे. थंडीची गणना कळी करते, मूळ करीत नाहीं. माती गार झाली तरी कळी मुंबईच्याच हवेंत असते.

बहार धरून भागेल काय?

डाळिंबाचा व संत्र्याचा बहार धरणाऱ्या आमच्या वाचकांस एक शंका सुचेल. पाणी तोडून, पानें झाडवून आपण झाडास विश्रांति देतों. तोच उपाय बदामास कां लागू पडूं नये? शंका योग्य आहे. जावा बेटांत बाटू येथें सफरचंदाचीं पानें फळतोडणीनंतर हातानें खुडून, कळी गाढ झोंपीं जाण्यापूर्वींच तिला जागी करतात, आणि वर्षांतून दोन पिकें घेतात. परंतु तो प्रदेश उंच डोंगरावरचा व सदा सौम्य हवेचा आहे. बदामाचें तर आणखी एक अडून बसणारें कारण आहे. त्याच्या बहुतेक जातींचें फूल स्वतःच्या परागानें फळत नाहीं. दोन निराळ्या जातींचीं झाडें जवळजवळ हवीं, दोन्ही एकाच आठवड्यांत फुललीं पाहिजेत, आणि तेव्हां मधमाश्या हव्या. यासाठींच कॅलिफोर्नियाचे बागवाले दर फेब्रुवारींत मधमाश्यांच्या हजारों पेट्या भाड्यानें आणवितात. जेथें एक झाड वेळेवर फुलविणें दुर्घट, तेथें दोन झाडें एकाच वेळीं फुलविण्याची आशा कोणीं धरावी?

म्हणून आमचें मत स्पष्ट आहे. मुंबईंत, कोंकणांत अथवा देशावर पिकासाठीं विलायती बदाम लावूं नये, मग तो कुंडींत असो वा जमिनींत. कुंडींत बदाम हवाच असेल तर देशी बदाम लावावा, आणि त्याची कृति पुढीलप्रमाणें.

देशी बदाम कुंडींत लावण्याची रीत

*बीं.* बियांपासून होणारीं झाडें एकसारखीं नसतात, म्हणून आईझाड पाहून बीं घ्यावें. ज्या झाडाचीं फळें मोठीं आहेत त्याखालचीं चार-सहा कवचें फोडून पाहावीं आणि ज्याचा गर भरलेला निघेल त्याचींच बियाणें निवडावीं. वटवाघळें फळ चोखून कवच टाकतात; तींही चालतात, मात्र ताजीं असावीं. वरचा मगज काढून कवच एक दिवस पाण्यांत भिजवावें आणि लहान कुंडींत आडवें ठेवून वर इंचभर माती घालावी. तीन-चार कवचें लावावीं, म्हणजे निवडीस वाव राहतो. उगवण होण्यास महिना, कधीं दोन महिने लागतात. तोंवर माती ओलसर असावी, चिखल नसावा.

*कुंडी.* रोप एकदम मोठ्या भांड्यांत लावण्याची चूक पुष्कळ जण करतात. इवल्या मुळांस एवढ्या मातींतलें पाणी शोषवत नाहीं. ती माती दिवसेंदिवस ओली राहून आंबते. म्हणून प्रथम आठ इंची, मग बारा इंची, आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस वीस ते चोवीस इंच रुंदीचें भांडें, अशा पायऱ्या घ्याव्या. दोनशें लिटरचें पिंप आडवें कापून केलेलें अर्धें पिंप या कामास उत्तम. मात्र पिंपांत पूर्वीं काय होतें याची खात्री करावी. औषधी द्रव्यांचें अथवा रंगाचें पिंप घेऊं नये. तळास अर्ध्या इंचाचीं सहा-सात भोंकें पाडावीं आणि पिंप विटांवर उचलून ठेवावें, म्हणजे पाणी मोकळें वाहील.

तळाशीं खडीचा वा खापऱ्यांचा जाड थर देण्याची जुनी चाल आहे. त्यानें निचरा वाढत नाहीं. बारीक मातींतलें पाणी खडीच्या थरापाशीं येऊन थबकतें, आणि ओला भाग मुळांच्या अधिक जवळ येतो. भोंकावर एक खापरी पुरे. बाकी भांडें मातीनेंच भरावें.

*माती.* दोन भाग तांबडी किंवा पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेलें शेणखत अथवा पालापाचोळ्याचें खत, आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा. गांवाहून काळी माती आणण्याचा मोह टाळावा. शेतांत सोनें असलेली ती माती कुंडींत वैरीण होते. पावसांत फुगून चिकट बनते, उन्हांत आकसून भांड्याच्या कडेपासून सुटते, आणि मग घातलेलें पाणी मुळांस न शिवतां कडेनें खालीं निघून जातें.

*जागा व वजन.* देशी बदामास दिवसाचे सहा तास तरी ऊन हवें. घराच्या आंत तो जगणार नाहीं. येथें वजनाचा विचार अवश्य करावा. अर्ध्या पिंपांत शंभर लिटरच्या आसपास माती मावते, आणि ओल्या मातीसह त्याचें वजन सुमारें दीडशें किलो होतें, म्हणजे दोन धष्टपुष्ट माणसांइतकें. आणि तें माणसांप्रमाणें उठून जात नाहीं. शिवडीच्या बी.डी.डी. चाळी किंवा गिरणगांवांतील जुन्या इमारती शंभर वर्षांच्या घरांतल्या आहेत. अशा ठिकाणीं लोंबत्या गॅलरींत हें ओझें ठेवूं नये. बारा इंची कुंडींत झाड लहानच राखावें, अथवा जाणकारास विचारून गच्चीच्या भिंतीलगत, खालीं तुळई असेल तेथें पिंप ठेवावें.

*पाणी.* बोट दोन पेरें मातींत घालावें. ओल लागली तर पाणी देऊं नये, कोरडें लागलें तर भांड्याखालून थेंब पडेपर्यंत द्यावें. मार्च ते मे रोज, हिंवाळ्यांत दोन-तीन दिवसांनीं, पावसाळ्यांत बहुधा नाहींच. कुंडीखालील थाळींत पाणी सांठूं देऊं नये. मुंबईंत हिंवताप व डेंग्यू यांचे डास अशाच पाण्यांत वाढतात. झाडाच्या हौसेपायीं शेजाऱ्यास ताप आणणें शोभत नाहीं.

*खत.* जूनच्या आरंभीं व ऑक्टोबरांत वरची दोन इंच माती काढून तेथें दोन किलो कुजलेलें खत व दोन मुठी निंबोळी पेंड घालावी. अर्ध्या पिंपास इतकें पुरे.

*छाटणी.* हें झाड मजल्या-मजल्यानें वाढतें. सरळ शेंडा वर जातो, तेथें आडव्या फांद्यांचें एक चक्र फुटतें, मग शेंडा पुनः वर. चार-पांच फुटांवर शेंडा खुडला कीं झाड खालच्या दोन-तीन मजल्यांत पसरतें व कुंडींत शोभतें. छाटणी पानगळीच्या वेळीं, नवी पालवी फुटण्यापूर्वीं करावी. हिंवाळ्याच्या अखेरीस देशी बदामाचीं पानें तांबडीं होऊन गळतात. कधीं वर्षांतून दोनदांही गळतात. नवख्या माणसास झाड मेलें असें वाटतें व तो तें उपटून टाकतो. फांदीची साल नखानें किंचित् खरडावी. आंत हिरवें दिसलें तर पंधरा दिवस धीर धरावा.

*मुळांची छाटणी.* कुंडींतल्या झाडाचें आयुष्य या एका कामावर अवलंबून असतें. भांड्याची भिंत लागली कीं मुळें गोल गोल फिरूं लागतात, आणि अखेर मातीपेक्षां मुळेंच अधिक होतात. दर दोन वर्षांनीं, पहिला पाऊस पडून हवा दमट झाली कीं झाड भांड्यांतून अलगद काढावें. मुळांच्या गोळ्याचा बाजूचा व तळचा दीड-दोन इंच थर धारदार कोयत्यानें कापावा, फिरलेलीं जाड मुळें तोडावीं, आणि नवी माती भरून झाड पुनः बसवावें. जितकीं मुळें कमी केलीं त्या मानानें फांद्याही आंखूड कराव्या; नाहींतर थोड्या मुळांवर पुष्कळ पानांचा भार पडून झाड सुकतें.

*कीड.* पानें खाणाऱ्या अळ्या हातानें वेंचाव्या. पिठ्या ढेकूण दिसल्यास जोरानें पाणी मारून पानें धुवावीं आणि निंबोळीचा पांच टक्के अर्क, म्हणजे एका लिटर पाण्यास पन्नास ग्रॅम निंबोळी दळून रात्रभर भिजवून व गाळून, सायंकाळीं फवारावा.

फळाची अपेक्षा किती धरावी?

येथें आम्ही वाचकांस भुलविणार नाहीं. जमिनींत लावलेलें देशी बदामाचें झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळूं लागतें. कुंडींत त्यास अधिक काळ लागतो आणि फळें ओंजळभरच मिळतात. कवच चिवट, गर सुरीच्या पात्याइतका निमुळता व इंचभर लांबीचा. मात्र तो गोड व रुचकर असतो आणि त्यांत सुमारें निम्में तेलच असतें. कोंकणांतील कोणतेंही पोर दगडानें हें कवच फोडण्यांत पटाईत असतें. तें त्याच्या मेहनतीचें फळ आहे, बाजाराचें नव्हे. कुंडींतल्या झाडाचा खरा लाभ सांवली, पानांचा रंग आणि तिसऱ्या मजल्यावर उतरणारे पक्षी हा होय. गळलेलीं पानेंही फुकट जात नाहींत. तीं कुंडीवर आच्छादन म्हणून घालावीं. शोभेचे मासे पाळणारे लोकही तीं वाळवून माशांच्या पाण्यांत टाकण्यासाठीं घेतात.

ज्यांस विलायती बदामाचा प्रयोग करावयाचाच आहे

मुलांस वनस्पतिशास्त्राचा धडा म्हणून एक रोप अवश्य करावें. त्यास आमची हरकत नाहीं. भाजलेला अथवा खारवलेला बदाम रुजत नाहीं, म्हणून कवचासकट मिळणारा कच्चा बदाम घ्यावा. कवच जरा तडकवून तो रात्रभर भिजवावा, ओल्या वाळूंत किंवा ओल्या फडक्यांत गुंडाळून डब्यांत घालावा, आणि शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यांत चार ते सहा आठवडे ठेवावा. बियाण्यास लागणारी थंडी अशी देतां येते. ती न देतां पेरलेल्या बियांचीं रोपें पुष्कळदां खुरटीं व झुबक्याच्या पानांचीं होतात. कोंब दिसतांच निचऱ्याच्या मातींत लावावें आणि पावसाळ्यांत छपराखालीं घ्यावें. एक-दोन वर्षें तें चांगलें दिसेल. त्यापुढें अपेक्षा धरूं नये, कारण शीतकपाटांत बीं मावतें, झाड मावत नाहीं.

ज्यांचे नातलग कुलू-काश्मीरकडे थंड मुलखांत राहतात त्यांनीं बीं लावण्यापेक्षां पीचच्या खुंटावर बांधलेलें कलम घ्यावें. दोन फुटी पिंप, भरपूर ऊन, उत्तम निचरा आणि जवळ दुसऱ्या जातीचें एक झाड, एवढ्यावर तेथें कुंडींतही बदाम लागतील.

एक इशारा मात्र सर्वांस आहे. बियांपासून झालेल्या विलायती बदामाच्या झाडास कडू बदाम लागण्याचा संभव असतो. कडू बदामांत असा पदार्थ असतो कीं चावतांना त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हें जहाल विष तयार होतें. लहान मुलास थोडेसे कडू बदामही घातक ठरूं शकतात. कडू लागलेला बदाम तात्काळ थुंकावा. औषधी समजून गिळूं नये.

शेतावरच्या कामासाठीं यांतून काय घ्यावें

कुंडीची ही कथा शेतकऱ्यास दोन गोष्टी शिकविते. पहिली मुळांची. रोपवाटिकेंत पिशवींत फार दिवस राहिलेल्या आंब्याच्या, काजूच्या वा चिकूच्या रोपाचीं मुळें कुंडींतल्या झाडाप्रमाणेंच गोल फिरलेलीं असतात. तीं तशींच खड्ड्यांत गेलीं तर पुढें सरळ होत नाहींत. झाड वरून डेरेदार दिसतें आणि दहाव्या वर्षीं एखाद्या वादळांत उन्मळतें. म्हणून लावणीच्या वेळीं पिशवी फाडून फिरलेलीं मुळें पाहावीं, कापावीं, आणि मुख्य मूळ गांठाळलेलें असेल तर तें रोपच परत करावें.

दुसरी गोष्ट निवडीची. नवें फळझाड घेण्यापूर्वीं विकणारास पुढील प्रश्न विचारावे :

१. या झाडाचें शास्त्रीय नांव व जात कोणती? ती पावतीवर लिहून द्याल काय?

२. रोप बियांचें आहे कीं कलम? कलम असल्यास सांधा दाखवा, आणि खुंट कशाचा तें सांगा.

३. यास थंडी किती लागते, आणि आमच्या तालुक्यांत ती पडते काय?

४. फळ धरण्यास दुसरें झाड जवळ हवें काय?

५. आमच्यासारख्याच हवेंत, आमच्यासारख्याच पावसांत हें झाड फळलेलें कोठें पाहावयास मिळेल?

पांचव्या प्रश्नास जो गांव व शेत सांगूं शकत नाहीं, त्याच्याजवळून रोप घेऊं नये. रंगीत चित्र हें झाड नव्हे, आणि दुसऱ्या मुलखांतील फळ हें आपल्या शेताचें पीक नव्हे. देशी बदामही शेतांत लावतांना विचार करावा. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्यास आडोसा म्हणून, अंगणांत सांवलीसाठीं तो चांगला. भाताच्या बांधावर मात्र त्याच्या रुंद सांवलीनें दोन वाफे वांझ होतात.

काश्मीरचा बदाम काश्मीरांतून विकत आणावा आणि आपल्या हवेचें झाड आपल्या दारीं लावावें. आमच्या सभासदांनीं या जूनपूर्वीं बदामाचें रोप घेण्याचें मनांत आणलें असेल, तर प्रथम त्याचें पान पाहावें, मग पैसे मोजावे.